नियम कोणत्या तारखेचा?

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या घोषणापत्रावर सही केली. अंमल २१ तारखेपासून. त्याच दोन-तीन दिवसांत धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पावसाने कहर केला. सीनेकाठची गावे पाण्यात गेली, अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली, काढणीला आलेले सोयाबीन शेतातच सडले. ज्या घरातला मुलगा तिकडे एम.एस. करत होता, त्या घरावर दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन आदळल्या. कर्जाचा हप्ता पुढच्या वर्षी सुरू होणार, रान पाण्याखाली, आणि टीव्हीवर पट्टी फिरतेय: एक लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने अठ्ठ्याऐंशी लाख रुपये.

अशा वेळी तिकडच्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, "घरी अशी परिस्थिती आहे, पंधरा दिवस येऊन जाऊ का?" आई-वडील 'ये' म्हणतात. पण याचे उत्तर त्याच्या हातात कोणता कागद आहे यावर ठरते. शिक्षण चालू असेल, पासपोर्टवरचा व्हिसा जिवंत असेल आणि आय-ट्वेंटी या प्रवेशाच्या कागदावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची वर्षाच्या आतली प्रवासाची सही असेल, तर येऊन परत जाता येते. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, काम करत असेल, तर ती सही सहा महिन्यांच्या आतली लागते आणि नोकरीचे पत्र सोबत लागते. व्हिसाची मुदत संपली असेल तर परत जाण्यासाठी नव्याने मुलाखत. आणि कंपनीने त्याचा एच-वन-बीचा अर्ज तिथल्या तिथे दाखल केला असेल, तर निकाल येईपर्यंत देश सोडणे धोक्याचे. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीकडे जाणाऱ्याला हे एक लाख डॉलर लागू नाहीत, हे तिथल्या इमिग्रेशन खात्याने २० ऑक्टोबरला लेखी स्पष्ट केले. निकालाआधी बाहेर पडला, तर ती सूट जाते.

म्हणजे एका प्रश्नाला चार उत्तरे. घोषणा आणि लेखी खुलासा यांच्यात एक महिना गेला, आणि त्या महिन्यात लोकांनी नातेवाइकांकडून आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवर निर्णय घेतले. गेली काही वर्षे जिल्ह्यातल्या मुलांच्या फाइली मी जवळून पाहतो आहे. नियम बदलल्याने मुलांचे नुकसान होतेच. पण मोठे नुकसान होते ते बदललेला नियम आपल्याला लागू आहे की नाही, हे वेळेवर आणि खरे सांगणारे माणूस जवळ नसल्याने.

*

धाराशिव हा परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींत दिसणारा जिल्हा नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्राचे चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. इथली मुले दहावी-बारावीला लातूरला जातात, इंजिनिअरिंगला पुण्याला किंवा सोलापूरला, आणि तिथून पुढे हैदराबाद नाहीतर परदेश. भारताबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या २०२४ मध्ये तेरा लाखांवर गेली असे परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत सांगितले. त्यातले सर्वाधिक कॅनडात, सव्वाचार लाखांच्या आसपास. त्या तेरा लाखांत उमरगा, कळंब, लोहाऱ्याचीही मुले आहेत आणि त्यांतली पुष्कळशी घरातली पहिली पदवीधर पिढी आहे.

पैशाचा हिशेब इथल्या मापाने मांडून पाहावा. कॅनडाने वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी हाताशी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षे दहा हजार डॉलरवर ठेवली होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली, १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. आपल्या पैशांत साडेचौदा लाखांच्या आसपास. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दोनशे सत्तर क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पुरता पदरात पडला तर. एकरी आठ क्विंटलचे चांगले वर्ष धरले तरी चौतीस एकरांचे पीक. यात कॉलेजची फी नाही, विमानाचे तिकीट नाही, बियाणे-खताचा खर्चही वजा केलेला नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते म्हणून मुले तिकडे वळतात, पण ब्लॉक अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, सव्वाबारा लाखांच्या पुढे.

म्हणून कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणतः तारण मागते, आणि इथे आपल्या जिल्ह्याची अडचण सुरू होते. वडिलांच्या नावावर पंधरा एकरांचा सातबारा असतो, पण बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. कारण कायद्यात आहे. थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ चा सरफेसी कायदा त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला वगळतो. शेतकऱ्याच्या जमिनीला दिलेले हे संरक्षण योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की पुण्यात एक फ्लॅट असलेल्याच्या मुलाला सरकारी बँकेचे कर्ज मिळते, आणि पंधरा एकरवाल्याचा मुलगा एन.ए. प्लॉट असलेला हमीदार शोधत फिरतो. तो सापडला नाही तर बिनतारणी कर्ज देणारी खासगी वित्त कंपनी, जास्त व्याजाने. तेही नाही जमले तर गावातला सावकार, किंवा जमिनीचा तुकडा विकणे.

इतके पणाला लावल्यावर 'वर्क परमिट' हा घरासाठी कर्जफेडीचा मार्ग होतो. बँकेची सवलतीची मुदत बहुधा अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. त्यानंतर हप्ता सुरू. मुलाच्या परमिटचे काय झाले हे बँक विचारत नाही. परमिट तीन वर्षांचे मिळणार म्हणून घातलेला हिशेब परमिट न मिळाल्यावर कसा बसवायचा, हा प्रश्न तिकडच्या मंत्र्याच्या भाषणात नसतो आणि इकडच्या एजंटाच्या माहितीपत्रकातही नसतो.

*

एजंटाबद्दल सरसकट वाईट लिहिणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. पासपोर्टवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे आडनाव-आधी नाव जुळवून देणे, तुळजापूरच्या मुलाला पुण्याच्या व्हिसा केंद्रात कोणत्या कागदांसह पाठवायचे ते सांगणे, ही कामे तो करतो आणि कुणीतरी ती करायला हवीच असतात. आपल्या जिल्ह्याला तर एक वेगळीच गरज पडते. २०२३ मध्ये शहराचे आणि मग जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. मुलाच्या पासपोर्टवर जन्मस्थान उस्मानाबाद, नव्या अधिवास दाखल्यावर धाराशिव. परदेशी दूतावासातल्या अधिकाऱ्याला ही दोन गावे वाटू शकतात. अशा फाइलीला राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा जोडला की शंका उरत नाही. हे साधे काम चोख करणारा माणूस उपयोगाचाच.

प्रश्न त्याला पैसे कोण देते हा आहे. कितीतरी कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, 'मोफत समुपदेशन' अशी पाटी लावतात. त्यांचे पैसे परदेशी कॉलेज देते. मुलगा दाखल झाला, फी भरली, की त्या फीतला ठरावीक हिस्सा. मुलगा गेला नाही तर काही नाही. शिकून बाहेर पडल्यावर त्याला परमिट मिळाले की नाही, याच्याशी त्या पैशांचा संबंध नाही. अशा व्यवहारात "तू यंदा जाऊ नकोस" हे वाक्य म्हणणाऱ्याला पदरचे पैसे घालवून म्हणावे लागते. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी मुलांना नेमका हाच सल्ला द्यायला हवा होता.

बाहेरच्या देशांनी या बाबतीत कायदे केले आहेत. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकील, क्वेबेकचे नोटरी आणि परवानाधारक सल्लागार यांना आहे. परवाना देणारी आणि तक्रारी ऐकणारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून वेगळी आहे. तिथल्या कॉलेजच्या विद्यार्थी कार्यालयात बसणाऱ्या माणसालाही परमिटवर सल्ला द्यायचा तर त्यासाठीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय असा सल्ला देणे गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात प्रवेश करून देणारा एजंट आणि व्हिसाचा सल्ला देणारा नोंदणीकृत एजंट हे दोन वेगळे धंदे मानले जातात. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, पण तो नोकरीसाठी माणसे बाहेर पाठवणाऱ्यांवर लागू होतो. शिक्षणासाठी पाठवणारा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. आखातात गवंडी पाठवणाऱ्याला नोंदणी लागते. चाळीस लाखांचे कर्ज काढून मुलगी पाठवणाऱ्याला दुकानाची पाटी पुरते.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो ते २०२३ मध्ये दिसले. पंजाबातली शेकडो मुले खोट्या प्रवेशपत्रांवर कॅनडात पोचल्याचे उघड झाले. कायम वास्तव्याचा अर्ज करताना कागद तपासले गेले, आणि ज्यांनी तिथे दुसऱ्या कॉलेजात शिकून, काम करून वर्षे काढली होती त्यांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. जालंधरहून हा धंदा चालवणाऱ्याला मे २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याआधीच, १ डिसेंबर २०२३ पासून, प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याचा नियम तिथे आला आहे. खोट्या कागदाची शिक्षा मात्र अर्जदाराच्याच माथी असते: कॅनडात पाच वर्षे बंदी, ब्रिटनमध्ये दहा, अमेरिकेत कायमची. "एजंटाने लावले, मला माहीत नव्हते" हे तिथे सहसा ऐकून घेतले जात नाही. म्हणून 'फंड दाखवून देतो' असे कोणी म्हणाले की तिथूनच उठावे. महिनाभर कुणाचे तरी पैसे खात्यात ठेवून काढून घेण्याचा हा प्रकार तालुक्याच्या गावापर्यंत आला आहे, आणि तो मुलाच्या पुढच्या दहा वर्षांवर घेतलेले कर्ज आहे.

*

कॅनडाची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण तारखांनी माणसे कशी विभागली जातात हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसते.

१५ नोव्हेंबर २०२२ ला कॅनडाने विद्यार्थ्यांच्या कॉलेजबाहेरच्या कामावरची आठवड्याला वीस तासांची मर्यादा तात्पुरती उठवली. कामगार कमी पडत होते. लगेच इकडे हिशेब सुरू झाले: चाळीस तास काम, दुसऱ्या वर्षाची फी तिथेच निघेल. ३० एप्रिल २०२४ ला सवलत संपली आणि मर्यादा पुन्हा वीस तासांवर आली. ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती चोवीस केली. ओंटारिओत तेव्हा किमान मजुरी तासाला १७.२० डॉलर होती. चाळीस आणि चोवीस तासांतला फरक आठवड्याला पावणेतीनशे डॉलर. सत्र चालू असताना दर आठवड्याला तेवढी रक्कम घरून पाठवायची, किंवा मुलाने रोख पैशांवर लपून काम करायचे. लपून काम करणे म्हणजे परमिटच्या अटीचा भंग, आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. मुलांना हे माहीत असते. तरी ती करतात, कारण घरी सांगायची हिंमत होत नाही.

२२ जानेवारी २०२४ ला नव्या शिक्षण परवान्यांवर कमाल मर्यादा आली आणि प्रांताच्या सरकारचे पत्र सक्तीचे झाले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम बंद झाली. ठेव भरली, आयईएलटीएसचे गुण दाखवले की काही आठवड्यांत निकाल देणारी ही जलद रांग होती आणि आपल्या मुलांचा भर तिच्यावर होता. ती बंद झाल्याची घोषणा आणि अंमल एकाच दिवशी. तिथे दुपारी दोन वाजता, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला. उद्या सकाळी फाइल लावू म्हणून जो झोपला, तो उठला तेव्हा रांग नव्हती.

सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र १ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी किंवा त्यानंतर ज्याने शिक्षण परवान्याचा अर्ज केला आणि जो विद्यापीठाच्या पदवीऐवजी कॉलेजच्या डिप्लोमाला गेला, त्याला शिक्षणानंतरचे वर्क परमिट हवे तर त्याचा विषय सरकारच्या यादीत असावा लागतो: शेती व अन्नप्रक्रिया, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक आणि पुढे भर पडलेले शिक्षणक्षेत्र. पदवी, मास्टर्स, पीएचडी करणाऱ्यांना ही विषयाची अट नाही, भाषेच्या परीक्षेची आहे. आता असे दोन मित्र डोळ्यांपुढे आणा, एकाच कॉलेजात, एकाच वर्गात, हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा करणारे. एकाने अर्ज ३१ ऑक्टोबरला केला, दुसऱ्याने १ नोव्हेंबरला, कारण त्याच्या वडिलांचे बँकेतले काम एक दिवस लांबले. दोघांची फी सारखी, अभ्यास सारखा. पहिल्याला परमिट मिळू शकते. दुसऱ्याचा विषय यादीत नाही.

आणि यादीही स्थिर नाही. २५ जून २०२५ ला तीत ११९ विषय घातले आणि १७८ काढले. ४ जुलैला काढलेले १७८ परत घातले. मधल्या दहा दिवसांत ज्यांनी घाबरून कोर्स बदलला, प्रवेश रद्द केला, त्यांचे काय? म्हणून सल्ला देणाऱ्याने त्या दिवसाची यादी उतरवून, तारीख घालून विद्यार्थ्याला द्यायला हवी. बदल झाला तर कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे वाक्य अधिकृत पानावर सहसा असतेच. बातमीत नसते. नियमाची बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कोणत्या तारखेपासून, आणि तारीख कशाची? अर्जाची, निकालाची, की कोर्स सुरू होण्याची?

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडाने भारतातून आलेले सुमारे ७४ टक्के शिक्षण-परवाना अर्ज नाकारले; दोन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात हे प्रमाण ३२ टक्के होते. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. आयईएलटीएसचा क्लास, परीक्षा, सीएचे प्रमाणपत्र, पुण्याच्या खेपा यांचे पैसेही गेलेले असतात. यावर "पुन्हा फाइल लावू" एवढेच उत्तर देणाऱ्याला मी सल्लागार मानत नाही. नकाराच्या पत्रातले कारण दूर झाले आहे का, हे पाहिल्याशिवाय दुसरा अर्ज म्हणजे दुसरा नकार.

ब्रिटनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची वाट बंद झाली, २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट म्हणून पुन्हा उघडली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येते आहे. पीएचडीवाल्यांना तीन वर्षे कायम. जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून इतर अभ्यासक्रमांना नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. पैशांचा नियम कडक आणि साधा: ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, एका दिवसासाठीही कमी होता कामा नये. आपल्याकडे वडील खात्यातून मजुरांचे पैसे द्यायला वीस हजार काढतात आणि अर्ज तेवढ्यावर बाद होतो. हे आधी सांगणारा कोणी असेल तर वडील दुसऱ्या खात्यातून काढतील.

*

डॉक्टर होण्यासाठी जाणाऱ्यांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण आपल्या भागातून ती वाट जुनी आहे. लातूरला दोन वर्षे नीटची तयारी, सरकारी जागा थोडक्यात हुकते, खासगी कॉलेजची फी झेपत नाही, मग रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मराठवाड्यातलीही मुले तिथल्या तळघरांत होती. ती परत आली, पण त्यांचा पुढचा प्रवास युद्धापेक्षा दिल्लीतल्या नियमांनी ठरवला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी नियम केले. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात तिथल्या नागरिकासारखा परवाना मिळण्याची पात्रता, आणि मग भारतात परत पुन्हा बारा महिने. सगळे दहा वर्षांच्या आत. यातली एक अट चुकली तर सहा वर्षांच्या शेवटी हातात पदवी असते आणि नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. जे वर्ष वर्गाऐवजी मोबाईलवर शिकण्यात गेले, त्याची भरपाई म्हणून अनेकांना परत आल्यावर जादा इंटर्नशिप करावी लागली. 'पॅकेज'मध्ये वसतिगृह, मराठी जेवण, विमान सगळे असते. या पाच अटींचा कागद मी त्यात पाहिलेला नाही. ज्या वडिलांना मी तो कागद लिहून दिला, त्यांतल्या काहींनी एजंटासमोर ठेवला आणि उत्तरे लेखी मागितली. जिथे लेखी उत्तर आले नाही तिथे त्यांनी पैसे भरले नाहीत.

*

परवानगीची मुदत आणि पैसा यांच्यात सापडण्याचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतले, आणि मुदत संपायला वर्ष उरले असताना, १९२० मध्ये, ते लंडनला पोचले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. त्या परवानगीविना ही वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली असती. पुढे २२-२३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले होते. त्या गावात आजही हा दिवस साजरा होतो आणि तिथल्या मुलांना बाबासाहेब परदेशात शिकले हे ठाऊक असते. त्यांनी मुदत कशी सांभाळली, तेही सांगायला हवे.

कारण तसल्या अटी आजही आहेत. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. या मुलांना एजंट लागत नाही, आणि म्हणून त्यांना कोणी सल्लाही देत नाही. ब्रिटनचा नियम असा की फी आणि राहणे दोन्ही सरकारी शिष्यवृत्तीतून झाले असेल, तर शिकून झाल्यावर बारा महिन्यांच्या आत ग्रॅज्युएट रूटसाठी अर्ज करताना त्या सरकारची लेखी संमती जोडावी लागते. तिकडचा व्हिसा संपायच्या आत इकडच्या सरकारी कार्यालयातून पत्र मिळवणे म्हणजे काय, हे ज्याने फाइल हलवली आहे त्याला कळेल. ते पत्र कोर्स संपण्याच्या चार-पाच महिने आधी मागायला सुरुवात करायची, एवढे वाक्य जाताना हातात दिले तरी एका मुलीचे वर्ष वाचते.

पैसे न घेता सल्ला देणारे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले, एकलव्य ही संस्था उभी केली आणि स्वतः २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला गेले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना मोठ्या विद्यापीठांपर्यंत आणि शिष्यवृत्त्यांपर्यंत पोचवण्याचे काम त्यांची संस्था करते. आधी गेलेला विद्यार्थी मागून येणाऱ्याला हात देतो, ही त्यातली ताकद. चेव्हनिंगवाल्याला शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते, ही अट अर्ज करतानाच सांगणारा माणूस तिथे असतो.

तुळजापूरची ती टाटा संस्था १९८६ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. यांतल्या कोणीही एक खोली, एक संगणक आणि दोन शिकलेली माणसे पगारावर द्यावीत. प्रवेशावर कमिशन न घेणारी. त्यांचे काम एवढेच: विद्यार्थी आला की त्याचा देश, विषय, अर्जाची संभाव्य तारीख लिहून घेणे, त्या दिवशीचा नियम अधिकृत पानावरून काढून त्याच्या हातात छापील देणे, आणि बदल झाला की त्याला फोन करणे. या लेखातले आकडेही अर्ज करण्याच्या दिवशी पुन्हा पाहून घ्यावेत. परवान्याचा कायदेशीर सल्ला लागला तर त्या देशातल्या परवानाधारक सल्लागाराकडे किंवा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडे पाठवणे. अमेरिकेच्या प्रत्येक विद्यापीठात असा नेमलेला अधिकारी असतो आणि त्याला विचारायला पैसे पडत नाहीत. शिक्षण संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंतच ओपीटीचा अर्ज घेतला जातो आणि ओपीटीवर नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच राहता येते, हे तोच सांगतो. आपली मुले त्याच्याकडे जायला बिचकतात. 'आपण काही विचारले तर व्हिसावर येईल' ही भीती घरून घेऊन गेलेली असते. विमानात बसण्याआधी त्या अधिकाऱ्याला पहिला ईमेल इथेच बसून लिहायला लावावा.

आणि जे परत येत आहेत, त्यांच्यासाठीही ही खोली हवी. परमिट न मिळाल्याने परतलेला मुलगा गावात तोंड दाखवत नाही, पुण्यातच कुठेतरी खोली करून राहतो, आणि बँकेची पत्रे वडिलांच्या नावाने येत राहतात. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मग बँकेची भाषा बदलते. त्याआधी हप्त्याची मुदत वाढवून मागता येते, उत्पन्नाची खरी परिस्थिती दाखवून फेड नव्याने बांधून मागता येते. त्यासाठी नकाराचे पत्र, नोकरी शोधत असल्याचे पुरावे आणि वडिलांचा पीक नुकसानीचा पंचनामा एकत्र लावून शाखेत अर्ज द्यायचा असतो. तो पहिला हप्ता चुकण्याआधी द्यावा, आणि पोच घ्यावी. आज परंड्याला किंवा लोहाऱ्याला हे सांगायला कोणी बसलेले नाही.